बोलाल तेवढेच मिळेल!

आज जगभर खेळला जातो तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मात्र क्लबांमध्ये बोलबाला होता ऑक्शन ब्रिजचा. पाने तीच बावन्न, समोरासमोर बसलेले भिडू तेच, टेबलावर उघडी मांडलेली डमीची पानेही तीच. वेगळी होती ती गुणांची मांडणी.

त्याआधीच्या ब्रिज-व्हिस्टमध्ये पत्ते वाटणारा हुकूम ठरवी, नाहीतर ते काम भिडूवर सोपवी. ऑक्शनने हा अधिकार लिलावात काढला. चढी बोली करील त्याचा हुकूम. पहिले सहा हात हिशेबात नसत. पुढच्या प्रत्येक हाताला किलवरचे ६, चौकटचे ७, बदामचे ८, इस्पिकचे ९ आणि बिनहुकमी डावाचे १० गुण. तीस गुण झाले की गेम.

गंमत इथेच होती. इस्पिकची बोली दोनची केली आणि हात चारचे झाले, तरी चारही हातांचे ३६ गुण पदरात पडून गेम होई. मग उगाच वर कोण चढेल? कमीत लिलाव जिंकायचा आणि उरलेले खेळताना वसूल करायचे, हाच शहाणपणा.

‘बोललात तेवढेच गेमला धरू’ हा उपाय पहिल्यांदा सुचलेल्यांत पुणेकर होते! १९१२च्या सुमारास पुण्यात ह्यू क्लेटन आणि त्यांच्या सोबत्यांनी तशा नियमांचा खेळ रचला. फ्रान्समध्ये ‘प्लाफाँ’ हा खेळ याच तत्त्वावर चाले. १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलँड’ बोटीवर अमेरिकी धनिक हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी या तत्त्वाला स्लॅमच्या, म्हणजे बारा किंवा तेराही हात बोलून करण्याच्या, घसघशीत बक्षिसांची आणि गेम जिंकलेल्या जोडीसाठी वाढत्या दंडाची जोड दिली आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आकाराला आला. आता नेमकी बोली करायची, तर भिडूच्या हातात काय आहे ते कळायलाच हवे. त्यामुळे बोली म्हणजे भिडूंमधला संवाद झाला. तिच्या पद्धती निघाल्या, त्यांवर पुस्तके आली. १९३१-३२ मध्ये एली कल्बर्टसन आणि सिडनी लेंझ यांचा न्यूयॉर्कमधला सामना तर वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतला. ऑक्शन झपाट्याने मागे पडला.

तरी त्याचा हिशेब पुरता पुसला गेलेला नाही. कोऱ्या पाटीवरून गेम करायला बिनहुकमीत तीन, बदाम-इस्पिकात चार आणि किलवर-चौकटमध्ये पाच हात लागतात. गुण बदलले, गेम शंभराचा झाला; पण या पायऱ्या ऑक्शनच्या तीस गुणांनी आखल्या होत्या, तिथेच आहेत.