कूस कोण बदलणार?

माजलगाव परिसरातला एखादा माणूस बीड, अंबाजोगाई किंवा संभाजीनगरच्या अतिदक्षता विभागातून वाचून घरी आला, की भेटायला येणारे दोन गोष्टी हमखास विचारतात: खर्च किती आला आणि डॉक्टर कसे होते. परिचारिकेचा विषय निघालाच तर एका वाक्यात संपतो. ‘सिस्टर मायाळू होती’, नाहीतर ‘सिस्टर लई खेकसायची’. माया ही जणू मृगाच्या पावसासारखी. पडली तर पडली, नाहीतर आपलं नशीब. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. अत्यवस्थ रुग्णाला मिळणारी माया परिचारिकेच्या स्वभावावर थोडीफार अवलंबून असेल, पण त्याहून जास्त ती रुग्णालयाने काम कसं लावून दिलं आहे यावर ठरते. तिला वेळ लागतो, हात लागतात, केसपेपरवर नोंद लागते. आणि ज्याला वेळ, हात आणि नोंद लागते, त्याचा हिशोबही मागता येतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयात ४२ वर्षं सगळ्यांसमोर होता. अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, धुतलं, पुसलं. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला, तो परवानगी नाकारणारा होता. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. दयामरणाचा वाद मोठा आहे आणि तो इथे नको. मला त्या प्रकरणातली एक साधी नोंद महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं झोपून असलेल्या या रुग्णाला एकही बेडसोअर झाला नाही, असं रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं होतं.

या नोंदीचं मोल कळायला बेडसोअर कसा होतो ते पाहावं लागेल. हलता न येणाऱ्या माणसाचं वजन माकडहाड, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू अशा हाडं वर आलेल्या जागांवर पडतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, आधी कातडी लाल होते, मग काळवंडते, फाटते आणि आत हाडापर्यंत पोचणारं भगदाड पडतं. त्यात जंतू शिरले तर व्हेंटिलेटरवरून सुटलेला माणूसही जाऊ शकतो. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, चादरीची सुरकुती काढणं, पोटात नीट अन्न जाईल हे पाहणं. दोन तासांनी म्हणजे दिवसातून बारा वेळा. रात्री तीनलाही आणि दिवाळीच्या दिवशीही. इतक्या वेळा, इतकी वर्षं हे काम नुसत्या कळवळ्याने होत नाही. ते कुणाच्या तरी ड्यूटीत लिहिलेलं असावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, त्या तर केईएमच्याच होत्या, आपल्या माणसासाठी कुणीही एवढं करतं. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्ध्यापर्यंतच पोचतं. १९७३ सालच्या त्यांच्या मैत्रिणी केव्हाच निवृत्त झाल्या. पुढे ज्या मुलींनी त्यांना भरवलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा त्या घटनेच्या वेळी जन्मही झाला नव्हता. त्यांनी धडधाकट, बोलत्या अरुणाताई कधी पाहिल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे ती सेवा आली ती एका पाळीने दुसऱ्या पाळीला चार्ज द्यावा तशी. आपुलकी कामातून वाढली असेल, नव्हे वाढलीच असणार. पण काम आपुलकीची वाट पाहत थांबलं नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींकडूनही ऐकू येतो: आधी जीव वाचवू द्या, गोड बोलणं नंतर. यात माया म्हणजे गोड बोलणं असं गृहीत धरलेलं आहे, आणि गफलत तिथेच होते. घशात नळी असलेला रुग्ण ‘दुखतंय’ असं म्हणू शकत नाही. त्याची वेदना ओळखायला कॅनडातल्या परिचारिका-संशोधकांनी २००६ मध्ये एक मोजपट्टी मांडली. चेहऱ्यावरच्या आठ्या, हातापायांची हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट, या चार गोष्टी परिचारिकेने पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. एकूण आठ. मुक्या माणसाचं दुखणं आकड्यात आलं की डॉक्टरला वेदनाशामकाचा डोस ठरवता येतो. याला कळवळा म्हणा की उपचार, रुग्णाला मिळतं ते एकच.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण याहून जवळचं आहे. कापसावर फवारायचं औषध पोटात गेलेला रुग्ण इथल्या रुग्णालयांना नवा नाही. अशा विषबाधेत अनेकदा ॲट्रोपिन द्यावं लागतं, आणि त्याचा अंमल चढला की माणूस बरळतो, हवेत काहीतरी वेचू लागतो, सलाईन उपसतो. तोंडाला कोरड पडते, पाणी मागतो, आणि ते बहुधा देता येत नाही. नातेवाईक घाबरतात, कर्मचारी वैतागतात, हात बांधले जातात. कधीकधी ते बांधावेही लागतात. पण जाणती परिचारिका आधी ओटीपोटाला हात लावून पाहते, कारण ॲट्रोपिननेच लघवी तुंबते आणि तुंबलेल्या मूत्राशयाने माणूस बेजार होतो. मग कॅथेटर आहे का, त्याला पीळ तर पडला नाही ना, हे बघते. ओठांवरून ओला बोळा फिरवते. ‘तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार आहे’ असं सांगत राहते. त्याच्या थैमानाला खोड न मानता लक्षण मानणं हे वैद्यकीय कौशल्य आहे. आणि औषध मुद्दाम घेतलेल्याला ‘घरच्यांचा विचार केला नाही का’ असं टोचून विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलमदेखील असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरून चालतं. कायद्याने जे मानलं, ते वॉर्डातल्या जिभेला जड का जावं?

आता खरा, टणक आक्षेप. एकेका परिचारिकेकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण असतील, तर हे सगळं करायचं कधी? हा प्रश्न टाळून मायेवर भाषणं देणं म्हणजे शुद्ध दांभिकपणा. परिचारिका दिन साजरा करायचा, गुलाबाचं फूल द्यायचं आणि रिक्त पदं तशीच ठेवायची, हा प्रकार आपण वर्षानुवर्षं पाहतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांचा एक अभ्यास आला. ३०० रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो अभ्यास अतिदक्षता विभागापुरता नव्हता आणि युरोपातला आकडा बीडला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे खरं. पण दिशा स्पष्ट आहे. वेळ नसण्याची सबब सांगितली जाते, ती माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, उलट तेच सांगते. मायेसाठी वेळ नसेल तर मनुष्यबळ कमी आहे, आणि त्याचा जाब परिचारिकेला नव्हे, पदं न भरणाऱ्याला विचारायचा.

नातेवाइकांचा प्रश्न जरा वेगळा. दाराबाहेर गर्दी, वर मारहाणीची भीती. महाराष्ट्राला २०१० मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. म्हणून अतिदक्षता विभागाचं दार बंद ठेवणं सोयीचं वाटतं. ब्राझीलमधल्या ३६ अतिदक्षता विभागांत भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवून पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. रुग्णांचं भ्रमिष्टपण कमी होईल ही अपेक्षा फसली. पण संसर्ग वाढले नाहीत, कर्मचारी जास्त थकलेही नाहीत, आणि नातेवाइकांची चिंता व उदासी मात्र बरीच उतरली. दार उघडं ठेवण्याची किंमत आपण समजतो तेवढी मोठी नाही.

बीड जिल्ह्यात या दाराला आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर घरातले कर्ते हात ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेले असतात. मागे राहिलेल्या आजीला झटका आला तर दवाखान्यात सोबत येतो तो शेजारी किंवा शाळकरी नातू. लेक आणि सून कारखान्याच्या फडात. अशा वेळी रोज ठरलेल्या वेळी परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी एक फोन करणं आणि आजीच्या कानाला मोबाईल लावून लेकाचा आवाज ऐकवणं, ही काही चैन नव्हे. आजीचा चष्मा आणि कवळी नातवाच्या पिशवीत पडून असते, तीही मागून घ्यायला हवी. दिसत नाही, बोलता येत नाही, भोवती सगळे अनोळखी, अशा माणसाला भ्रम होणारच.

शेवटचा मुद्दा, ज्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. उपचारांचा उपयोग उरला नाही किंवा पैसे संपले, की पुष्कळ कुटुंबं सही करून माणसाला गावी नेतात. तिथे ना मॉनिटर असतो ना सिस्टर. निघण्यापूर्वी सुनेला समोर बसवून नळीतून दूध-पाणी किती आणि कसं घालायचं, डोकं उशीने किती उचलायचं, कूस कशी फिरवायची, तोंड कसं पुसायचं, श्वास घरघरायला लागला तर काय करायचं, हे एकदा तिच्याच हातून करवून घ्यायला अर्धा तास पुरतो. आज सुट्टीच्या कागदावर गोळ्यांची यादी असते. या अर्ध्या तासाची नोंद करायला त्यावर एक रकाना छापला, तर हे सगळं शिकवलं की नाही हे निदान विचारता येईल.