डावा फॉस्फरस, उजवा फॉस्फरस

हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर चपलांचा ढीग असतो ना, त्यातल्या दोन डाव्या चपला घालून चालून बघा. माप तेच, रबर तेच, पण उजवा पाय काही खूश होणार नाही. कायरॅलिटी म्हणजे एवढंच. जो रेणू आपल्या आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत बसत नाही, तो कायरल.

बारावीत हे आपण फक्त कार्बनसाठी घोकलं. पण फॉस्फरसही कायरल असतो! साध्या अमाइनमधला नायट्रोजन वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीसारखा सतत उलटतो, त्यामुळे डावं-उजवं टिकतच नाही. फॉस्फरसला उलटायला खूप जास्त ऊर्जा लागते. म्हणून तीन वेगळे गट जोडलेला फॉस्फीन साध्या तापमानाला आपली बाजू सोडत नाही.

अमेरिकेत मोन्सॅन्टो कंपनीतल्या विल्यम नोल्स यांनी १९६८ मध्ये ऱ्होडियमला असा फॉस्फीन जोडून हायड्रोजनेशन केलं. हव्या त्या बाजूची आघाडी मिळाली जेमतेम १५ टक्के. पुढे डायपॅम्प नावाच्या फॉस्फीनने ती ९५ टक्क्यांवर नेली आणि पार्किन्सनवरचं एल-डोपा त्याच पद्धतीने कारखान्यात बनू लागलं. २००१ च्या नोबेलमध्ये नोल्स वाटेकरी होते.

पण या फॉस्फरसला स्वतःची बाजू कोणी दिली? मेंथॉलने, तोच आपल्या बाममधला! आधी मेंथॉल जोडून दोन्ही बाजूंचं मिश्रण करायचं, मग स्फटिक करून हवं ते वेगळं काढायचं. म्हणजे मेंथॉल भरपूर लागणार आणि नको असलेला भाग उरणार तो वेगळाच. चिमूटभर उत्प्रेरकात भागलं तर किती बरं!

औषधांत हा प्रश्न फारच टोचतो. हिपॅटायटिस सी वरचं सोफोसबुविर (२०१३) घ्या. त्यातल्या फॉस्फरसची एकच बाजू नीट काम करते, दुसरी कितीतरी पट कमजोर.

२०१७ मध्ये मर्कच्या संशोधकांनी याच जातीच्या औषधासाठी धातू नसलेला, छोटासा सेंद्रिय उत्प्रेरक बनवला. प्रमाण मिळालं ९९:१ पर्यंत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, सुरुवातीच्या संयुगात फॉस्फरसवर क्लोरीन असतो आणि ते भांड्यात आपोआप डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं होत राहतं. उत्प्रेरक फक्त हवी ती बाजू झपाट्याने उचलतो. उरलेलं उलटून परत त्याच्याच रांगेत येतं, त्यामुळे अर्धा माल फुकट जात नाही.