कोरियन नवरदेव आणि आमच्या मुली

कोरियन गायकाशी लग्न करून सोल शहरात संसार थाटायचा, असे स्वप्न आज देशोदेशीच्या अनेक मुली रंगवतात. आपल्या वस्त्यांतही मोबाईलवर ही गाणी वाजतात. पालकहो, आम्हांला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. स्वप्नात का होईना, ही मुलगी नवरदेवाची जात विचारत नाही. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले आहे. कोरियातही एकाच आडनावाच्या व एकाच मूळ कुळाच्या स्त्रीपुरुषांना लग्नाची कायद्याने बंदी होती. ती १९९७ साली तेथील घटना न्यायालयाने घटनाविरोधी ठरवली आणि २००५ साली कायदा बदलला.

पण मुलींनो, तो गायक तरी मोकळा आहे काय? कंपन्या गाण्याबरोबर 'हा तुझाच आहे' हा भासही विकतात. जानेवारी २०२० मध्ये 'एक्सो' गटाच्या चेनने लग्न जाहीर केले, तेव्हा काही चाहत्यांनीच त्याला गटातून काढण्याची मागणी केली. आवडत्या माणसाचे सुख सहन होत नसेल, तर त्याला प्रेम कसे म्हणावे?

गाणी जरूर ऐका. जमल्यास ती भाषा शिका. सामान्य माणसाला लिहितावाचता यावे म्हणून राजा सेजोंगने १४४६ साली तिची लिपी जाहीर केली, त्याआधी दरबारी पंडितांनी विरोध केला होता. हा इतिहास आपल्याला परका नाही. जोडीदार मात्र तोच निवडा, जो तुम्हांला नावाने ओळखतो आणि बरोबरीने वागवतो. मग तो कोठलाही असो.