जुनी पिकअप घ्यावी का? – यंत्र, कागद आणि हिशेब



ऊस बिलाची रक्कम खात्यावर जमा झाली की ज्या खरेद्यांचा विचार घरोघरी सुरू होतो, त्यात अलीकडे जुन्या पिकअपचा नंबर वरचा आहे. बेणे, खत, दूध, भाजीपाला, जनावरांचा चारा अशी कामे बैलगाडीच्या आवाक्यात राहिली नाहीत आणि दर वेळी ट्रॅक्टर-ट्रॉली काढणे परवडत नाही. २००५ साली टाटा एस बाजारात आली, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले, आणि तेव्हापासून लहान मालगाडी शेतकऱ्याच्या दारात दिसू लागली. महिंद्राची बोलेरो पिकअप तर आज गावागावांत आहे. नवी गाडी महाग, म्हणून आठ-दहा वर्षांची जुनी घेण्याकडे कल असतो. त्यात गैर काही नाही. पण जुनी गाडी घेणे म्हणजे आधीच्या मालकाने तिच्यावर केलेला जुलूमही विकत घेणे होय.

इंजिन काय सांगते

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि 'सुरू करून ठेवू नका' असे आदल्या दिवशीच सांगावे. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. थंडीत एका चावीत सुरू होणारे इंजिन बरे. गरम इंजिन कसेही सुरू होते, त्यावरून काही कळत नाही.

मग धूर पाहावा. जोर दिल्यावर काळा धूर सुटत राहिला तर डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल, नाहीतर नोझल किंवा पंपाचे काम असेल. फिल्टरचे काम स्वस्तातले आहे, पंपाचे नाही. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, रिंगा-लायनर झिजले असण्याचा संभव मोठा. पांढरा धूर थंडीत क्षणभर आला तर घाबरू नये. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेले असे समजावे. ऑईल भरायचे झाकण काढून आत पाहावे. दुधाळ चहासारखा साका दिसला तर ऑईलमध्ये पाणी मिसळले आहे. चालू इंजिनावर त्या झाकणातून भसाभसा वाफ फेकली जात असेल तर कॉम्प्रेशन खाली गळते आहे, म्हणजे इंजिन उघडण्याची वेळ जवळ आली.

आपल्याकडच्या धुळीच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवर रेडिएटरची जाळी बाहेरून बुजते, आणि साधे विहिरीचे पाणी भरत राहिल्यास आतून क्षार बसतात. मग चढावर गाडी तापते. काटा लाल रेघेकडे गेला की गाडी लगेच बाजूला घ्यावी. 'आता गाव आलंच' म्हणून रेटलेल्या शेवटच्या दोन मैलांत हेड वाकते. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, तोंड-हात भाजतात.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या कॉमन रेल इंजिनाची ताकद चांगली असते, पण नोझल फार नाजूक. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला तर खर्च मोठा. कॅनमध्ये साठवलेले डिझेल अशा गाडीत ओतू नये आणि फिल्टर वेळेवर बदलावा.

खालची बाजू

इंजिन सगळेच पाहतात, गाडीखाली फार थोडे जण झोपतात. खरी ओळख तिथेच पटते. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चासीला बसतात तिथे तडा किंवा नवे वेल्डिंग दिसते का, ते पाहावे. खताची वाहतूक झालेल्या गाडीचा हौदा आणि चासी लवकर गंजते, कारण सांडलेले खत ओल धरते. नवा काळा रंग मारलेली चासी दिसली तर टोकरून पाहावी.

गाडी सोडताना 'टण्ण' असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची असते. क्लच पाहण्यासाठी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो. चालतच राहिले तर प्लेट गेली.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ जण मागे जादा पाटा घालून घेतात आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरतात. जादा पाट्याने गाडी मागे बसत नाही हे खरे. पण ब्रेक, टायर, हब आणि चासी होती तीच राहतात. भरलेली गाडी उतारावर थांबवायची असते ब्रेकने, पाट्याने नव्हे. जादा पाटा घातलेली गाडी दिसली तर तिने आयुष्यभर जादा ओझे ओढले असे धरून भाव करावा.

कागदपत्रे

आर.सी. वरील चासी आणि इंजिन नंबर स्वतः जुळवावेत. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ घ्यावा. नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. थकलेली चलने आणि पर्यावरण कर यांची चौकशी करावी. मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. पंधरा वर्षांपुढे त्याची फीही वाढते. एकूण भारासह वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, पण मोठ्या पिकअप या मर्यादेच्या वर जातात. साधा हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे.

'नाव नंतर करू' हा प्रकार गाडी विकणाऱ्याने तर मुळीच करू नये. अपघात झाला तर आर.सी. वर ज्याचे नाव तोच मालक, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. गाडी विकून पैसे खर्च झाले, आणि भरपाईची नोटीस मात्र जुन्या मालकाच्या दारात! घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा.

आणखी एक. हौद्यात मजूर किंवा वऱ्हाड बसवू नये. मालगाडीत अशी बसवलेली माणसे विम्याच्या संरक्षणात सहसा येत नाहीत. जीव जातो तो जातोच, आणि भरपाईपायी जमीनही जाऊ शकते.

हिशेब करा

पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत. गाडी ४,००,००० रुपयांना घेतली, सुरुवातीची दुरुस्ती ६०,०००. पाच वर्षांनी ती २,००,००० ला विकली. घट झाली २,६०,०००, म्हणजे वर्षाला ५२,०००. अडकलेल्या सरासरी ३,३०,००० वर दहा टक्क्यांनी व्याज ३३,०००. विमा, फिटनेस, कर मिळून ३५,०००. गाडी दारात उभी राहिली तरी हा १,२०,००० रुपयांचा खर्च चुकत नाही.

टायर, ऑईल-फिल्टर आणि दुरुस्ती मिळून किलोमीटरला ५ रुपये धरू. डिझेल ९० रुपये लिटर आणि लिटरला १२ किलोमीटर, म्हणजे साडेसात रुपये. चालता खर्च झाला साडेबारा रुपये. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवली तर उभा खर्च १० रुपये पडून एकूण साडेबावीस रुपये किलोमीटर होतात. तीच गाडी ४,००० किलोमीटरच चालली तर उभा खर्चच ३० रुपये, एकूण साडेबेचाळीस! ड्रायव्हरचा पगार यात नाही.

गावात भाड्याची पिकअप ३० रुपये किलोमीटरने मिळत असेल, तर या हिशेबाने वर्षाला सुमारे ६,९०० किलोमीटरपेक्षा कमी काम असणाऱ्याने गाडी न घेतलेली बरी. रोज दूध किंवा भाजी बाजाराला नेणाऱ्याला ती परवडेल. बेण्याचे आणि खताचे चार दिवस सोडले तर जिला काम नाही, तिच्यापायी ऊस बिल घालवू नये. भावाभावांत किंवा शेजाऱ्यांत मिळून घ्यायची असेल तर नाव कोणाचे, खर्च कसा वाटायचा आणि पाळी कशी, हे आधी कागदावर लिहावे.

ज्यांच्याकडे गाडी आहेच त्यांनी डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती एवढेच लिहावे. रोज सकाळी ऑईल, पाणी, हवा आणि ब्रेक ऑईल पाहायला पाच मिनिटे लागतात. पावसाळ्याआधी ब्रेकचे ड्रम उघडून लायनर पाहावेत, हबला ग्रीस भरावे. वर्षअखेरीस वहीची बेरीज केली की गाडी आपल्याला पोसते आहे की आपण गाडीला, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.