शून्य चॅनलची फाइल

मागच्या व्याख्यानात आपण प्रामाण्यवाद पाहिला. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधा येईपर्यंत ते खरं धरून चालायचं. नैयायिक म्हणतात, नाही, त्याचं खरेपण दुसऱ्या साधनाने तपासावं लागतं. हा वाद फक्त पोथीतला आहे, असं पुष्कळांना वाटतं. म्हणून आज आपण एक अगदी आजचं उदाहरण घेऊ. ते आहे ध्वनीच्या फाइलचं.

साधी 'वेव्ह' फाइल घ्या. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली ही रचना आणली. तिच्या सुरुवातीला हेडर असतं, नेहमीच्या साध्या फाइलमध्ये ४४ बाइटांचं. हेडर म्हणजे फाइलने स्वतःची करून दिलेली ओळख: माझ्यात चॅनल किती, सेकंदाला नमुने किती, एक नमुना किती बिटांचा, पुढे ध्वनीचे बाइट किती.

वाचणारा प्रोग्रॅम ही ओळख घेऊन गणित करतो. चॅनल दोन, प्रत्येक नमुना दोन बाइटांचा, म्हणजे दर वेळी चार बाइट उचलायचे. पुढे १,७६,४०० बाइट आहेत. त्याला चाराने भागलं की ४४,१००. सेकंदाला नमुने ४४,१००, म्हणजे आवाज बरोबर एक सेकंदाचा. झालं गणित.

आता कुणीतरी मुद्दाम चॅनलच्या जागी शून्य लिहिलं तर? भाजकच शून्य होतो. भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' असं नाव तरी दिलं. आपल्या नेहमीच्या संगणकातला प्रोसेसर तेवढंही करत नाही. पूर्णांकाला शून्याने भागायला सांगितलं की तो हात वर करतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम तो प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद करते.

ही कल्पना नव्हे. 'सॉक्स' हा ध्वनी-प्रक्रियेचा जुना, मोफत आणि खूप वापरातला प्रोग्रॅम आहे. त्याच्या १४.४.२ या आवृत्तीत नेमका हाच दोष सापडला. त्याची नोंद सीव्हीई-२०१७-११३३२ या क्रमांकाने झाली. त्याच वर्षी 'लिबसंडफाइल' या लायब्ररीच्या १.०.२८ आवृत्तीतही शून्याने भागण्याचाच एक दोष नोंदला गेला: सीव्हीई-२०१७-१४६३४. अशा दोषांना 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. म्हणजे काय, तर काही चोरीला जात नाही, पण सेवा बंद पडते.

"मग बिघडलं काय? प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा," असं कुणी म्हणेल. घरच्या संगणकावर ते ठीक आहे. पण लायब्ररी म्हणजे काय, हे लक्षात घ्या. ती दुसऱ्याच्या घरात राहणारी पाहुणी असते. ती कोसळली की बहुधा घरासकट कोसळते. एखाद्या सर्व्हरवर शेकडो लोक आपापली ध्वनिमुद्रणं पाठवताहेत, आणि सगळं काम एकाच प्रोग्रॅममधून चाललंय असं समजा. एकाची खोटी फाइल बाकी सगळ्यांचं काम थांबवते. ती फाइल पुन्हा पुन्हा पाठवली की पुन्हा पुन्हा थांबवते. माहितीच्या सुरक्षेत तीन गोष्टी मोजतात: गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. तिसरी आपण नेहमी हलकी समजतो. दवाखान्यातून काही चोरीला गेलं नाही, फक्त दार उघडत नाही, असं म्हटल्यावर बाहेर ताटकळणाऱ्या रुग्णाचं समाधान होईल का?

दोष सापडतात कसे? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांनी १९८८ साली विद्यार्थ्यांना एक प्रकल्प दिला: युनिक्सच्या प्रोग्रॅमांना वाटेल तो अर्थहीन मजकूर खायला घाला आणि काय होतं ते बघा. वादळात फोनच्या तारेवर खरखर येऊन आपले प्रोग्रॅम कोसळतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम कोसळले किंवा अडकून बसले. या पद्धतीला 'फझिंग' म्हणतात. ध्वनीच्या लायब्रऱ्यांमधले असे कितीतरी दोष आज याच पद्धतीने सापडतात.

आणि उपाय? सॉक्समधला उपाय मोजक्याच ओळींचा होता. भागाकाराच्या आधी विचारायचं: चॅनल शून्य तर नाहीत? असतील तर चूक कळवायची आणि सभ्यपणे मागे फिरायचं. पण १४.४.२ ही आवृत्ती २०१५ सालची. दुरुस्ती लिहिली गेली, तरी सॉक्सची पुढची अधिकृत आवृत्ती पुढे कित्येक वर्षं आलीच नाही. डेबियनसारख्या वितरकांनी ती दुरुस्ती आपापल्या प्रतीत जोडून घेतली. जुनीच प्रत उचलून वापरणाऱ्यापर्यंत ती कशी पोचणार? अशी सॉफ्टवेअर बहुतेकदा मोजकी माणसं फावल्या वेळात सांभाळतात. वापरणारे आपण सगळे. राखणारे चार जण.

आता मूळ वादाकडे येऊ. दुरुस्तीआधीचा प्रोग्रॅम मीमांसकासारखा होता: हेडर म्हणतंय ना, मग खरंच. बाधा आली तर बघू. पण इथे बाधा येते तेव्हा 'बघणारा'च उरत नाही. मीमांसकांचा आक्षेप मात्र विसरू नका: तपासणीचीही तपासणी करत बसलो तर काम सुरूच होणार नाही. तोही खरा आहे. म्हणून आपण मधली वाट धरू. प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायचा नाही, पण ज्या विधानावर आपलं पुढचं पाऊल पडणार आहे, तेवढं पाऊल टाकण्याआधी तपासायचं. फाइल म्हणते बाइट इतके. प्रत्यक्षात आहेत का, मोजा. चॅनल इतके, शून्य तर नाहीत, बघा.

अनोळखी माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं आपण ऐकून घेतो, पण त्याच्या भरवशावर घराची किल्ली देत नाही. तसंच हे आहे. पुढच्या वेळी आप्त म्हणजे नेमका कोण, ते पाहू.