फोटो लहान करा, घाऊक भावात!

लग्नाचे पाचशे फोटो आले, एकेक आठ एमबीचा. ईमेलने जाईनात. एकेक उघडून लहान करायचा म्हटला, तर जावयाच्या पहिल्या दिवाळसणापर्यंत काम पुरेल! त्यावर उतारा म्हणजे ‘बॅच रिसाइझ’. आकार एकदाच सांगायचा, ढीग संगणकाने उपसायचा. या घाऊक कारभारातल्या काही गमती...

निम्मा की पाव?
4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो 2000 बाय 1500 केला, तर बाजू निम्म्या होतात. पिक्सेल मात्र 1 कोटी 20 लाखांवरून थेट 30 लाखांवर, म्हणजे पाव हिश्शावर येतात. फोल्डर भराभर हलकं होतं ते यामुळेच.

मूळपुरुष एवढासाच
1957 मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला. डिजिटल फोटोंच्या या मूळपुरुषाचा आकार 176 बाय 176, एकूण पिक्सेल 30,976. आजच्या 12 मेगापिक्सेलच्या एका फोटोत असे 387 फोटो मावतील!

‘बी’ दाबा, कामाला लावा
बोस्नियात जन्मलेल्या इरफान श्किल्यान यांनी 1996 मध्ये ‘इरफानव्ह्यू’ हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर आणलं. घरगुती वापराला आजही फुकट. त्यात कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं, की घाऊक कामाची खिडकी हजर.

आइनस्टाइनचा सहायक तुमच्या दिमतीला
रिसाइझच्या पर्यायांत ‘लॅन्झॉस’ असं नाव दिसतं ना? ते हंगेरियन गणितज्ञ कॉर्नेलियस लांत्सोश यांचं. 1928-29 मध्ये ते बर्लिनला आइनस्टाइन यांचे सहायक होते. त्यांच्या नावाची ही पद्धत आजूबाजूच्या पिक्सेलना कमी-जास्त वजन देऊन नवा पिक्सेल ठरवते. त्यामुळे लहान केलेला फोटोही रेखीव राहतो.

उभे-आडवे एकाच चौकटीत
जॉन क्रिस्टी यांनी 1987 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत असताना ‘इमेजमॅजिक’ हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याला ‘1200 बाय 1200’ सांगितलं, तरी फोटो चौरस होत नाहीत. आडव्याची रुंदी 1200, उभ्याची उंची 1200. दुसरी बाजू प्रमाणात आपोआप ठरते. मापापुढे ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह (>) टाकलं, की आधीच लहान असलेल्या फोटोंना हातही लागत नाही.

बँकेच्या परीक्षेआधीची परीक्षा
मुंबईच्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो लागतो 200 बाय 230 पिक्सेलचा, 20 ते 50 केबीचा. सही 140 बाय 60 ची, 10 ते 20 केबीची. पिक्सेल आणि केबी ही दोन वेगळी मापं आहेत. माप तेच ठेवून जेपीईजीची क्वालिटी खाली-वर केली, की केबी बदलतात.

डीपीआयचा बागुलबुवा
पिक्सेल तेच ठेवून 72 डीपीआयचे नुसते 300 केले, तर पडद्यावर काडीचा फरक पडत नाही. तो आकडा छपाईच्या कागदावर किती इंचात काय बसवायचं, एवढंच सांगतो.

आणि एक धोक्याची घंटा
इमेजमॅजिकची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा वेगळं फोल्डर सांगितलं नाही, तर मूळ फोटोंवरच नवे लिहून मोकळी होते. मॅकवरची ‘सिप्स’ही तशीच. एकदा गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. तेव्हा आधी फोल्डरची कॉपी करा, दोन फोटोंवर चाचणी घ्या आणि मगच बिनधास्त बटण दाबा!