नागपूरचा तह आणि राष्ट्रांची पत

हुडकेश्वर हें एके काळचें शहराबाहेरचें खेडें आज नागपूरच्या पोटांत आलें आहे. तेथील एका व्यापारी गृहस्थांनीं परवां आम्हांस गांठून विचारलें, "वकीलसाहेब, आम्ही कागदावर सही करून शब्द फिरविला तर तुम्ही आम्हांस कोर्टांत खेचतां. राष्ट्रांनीं तह मोडला तर त्यांस कोण खेचणार?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें उत्तर देतांना कायदा शिकलेल्या माणसाचीही जीभ अडखळते. दिलेला शब्द पाळावा, लहान राज्यासही बरोबरीचें मानावें, दुसऱ्याच्या घरांत हात घालूं नये, तंटा तरवारीऐवजीं पंचांपुढें न्यावा, हीं तत्त्वें संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेंत लिहिलेलीं आहेत. आमच्या राज्यघटनेच्या ५१ व्या कलमांतही राष्ट्रांराष्ट्रांमधील न्याय्य व सन्मानाचे संबंध, तहांविषयीं आदर आणि लवादानें तंटे मिटविणें, यांचा उपदेश आहे. परंतु असा शब्द मोडला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास हुडकेश्वरकरांनीं न्यूयॉर्कला जावयास नको. महालापर्यंत आलें तरी पुरे.

नागपूरच्या भोसल्यांनीं इंग्रजांशीं १८१६ मध्यें तैनाती फौजेचा तह केला. पुढल्याच वर्षीं सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब पदच्युत झाले आणि इंग्रजांनीं तिसऱ्या रघूजीस गादीवर बसविलें. या रघूजींशीं १८२६ मध्यें नवा तह झाला. ११ डिसेंबर १८५३ रोजीं ते निपुत्रिक वारले. हयातींत त्यांनीं दत्तक घेतला नव्हता, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. राण्यांनीं घराण्याच्या नात्यांतील यशवंतराव या मुलास दत्तक घेतलें. कलकत्त्यास लॉर्ड डलहौसी यांनीं तो दत्तक अमान्य केला आणि १८५४ च्या मार्चमध्यें राज्य खालसा झालें.

डलहौसींचा युक्तिवाद असा कीं, हें राज्य १८१८ मध्यें आम्हींच जिंकलें व आम्हींच दान दिलें. वारस नाहीं, तेव्हां दान दात्याकडे परत आलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं कधीं बक्षीसपत्र केलें असेल त्यांस यांतील फोलपणा सांगावयास नको. दिलेली वस्तु दिली. तिच्यावर पुढें बरोबरीच्या नात्यानें तह केल्यावर तर दात्याचा हक्क मुळींच उरत नाहीं. शिवाय हिंदु विधवेनें घेतलेला दत्तक वैध कीं अवैध, हा प्रश्न हिंदु धर्मशास्त्रानें सोडवावयाचा. ज्यास राज्य मिळावयाचें होतें त्यानेंच तो सोडविला! वादी, न्यायाधीश आणि बेलीफ एकच असला म्हणजे निकाल काय लागणार हें निराळें सांगणें नको. विशेष हें कीं, त्याच सुमारास करौलीचा दत्तक लंडनच्या डायरेक्टरांनीं मान्य केला होता. कारण काय, तर करौली हें संरक्षित मित्रराज्य! डलहौसींच्याच कौन्सिलांतील जॉन लो यांनीं नागपूर घेण्यास लेखी विरोध केला. इंग्रजांत न्यायी माणसें नव्हतीं असें नाहीं. त्यांचें मत कागदावरच राहिलें.

आणि खरें कारण? आपल्या टिपणांत डलहौसींनीं या प्रांताच्या कापसाचा उल्लेख केला आहे. विलायतेच्या गिरण्यांना कापूस हवा होता व तो या मुलखांत पिकत होता. आमच्या कापसाच्या व्यापाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. राज्य गेल्यावर राजवाड्यांतील जडजवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें आणि हत्ती, घोडे, बैल येथेंच लिलांवांत निघाले. एखाद्या बुडित पेढीचा माल विकावा तसा तो प्रकार होता. फरक एवढाच कीं या पेढीनें कोणाचें देणें बुडविलें नव्हतें.

भोसल्यांच्या कारभाराचे आम्ही भाट नव्हे. त्यांच्या बारगीरांनीं बंगाल्यांत जें केलें त्याची आठवण तेथील आया अंगाईंतून अजून काढतात, आणि १८१६ चा तह मोडण्यास आप्पासाहेबही जबाबदार होतेच. परंतु कुळाच्या दोषानें सावकारास खोटें खत करण्याची मुभा मिळत नाहीं. पुढें तीनच वर्षांनीं सत्तावनचा वणवा पेटला, आणि १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यांत राणीच्या सरकारास संस्थानिकांशीं झालेले तह पाळण्याचें वचन नव्यानें द्यावें लागलें. पत गेली म्हणजे ती परत मिळविण्यास असें व्याज पडतें.

येथवर इंग्रजांचा दोष सांगणें सोपें होतें. आतां आमच्याकडे वळूं. दादरा-नगरहवेलीच्या वादांत पोर्तुगालनें १९५५ मध्यें आम्हांस हेगच्या न्यायालयांत ओढलें. आम्हीं तेथें उभे राहून उत्तर दिलें, आणि १९६० च्या निकालांत न्यायालयानें भारतानें आपली जबाबदारी मोडली नाहीं असें ठरविलें. हें आम्हांस भूषणावह आहे. गोव्याची गोष्ट मात्र निराळी. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्या, वसाहतीस स्वतःचा प्रांत म्हणविणाऱ्या राजवटीशीं बोलणें निष्फळ झालें होतें. तेव्हां १९६१ च्या डिसेंबरमध्यें फौज गेली, हें आम्ही योग्यच मानतों. परंतु सुरक्षा समितींतील ठराव रशियाच्या नकाराधिकारानें अडला, हेंही त्याबरोबर सांगितलें पाहिजे. गोमंतक सुटला याचा आनंद मानतांना आमचे हात सनदेच्या शब्दांप्रमाणें निर्मळ होते असा टेंभा मात्र मिरवूं नये. अपवाद केला असेल तर तो अपवाद म्हणूनच नोंदवावा. त्यास नियम समजूं लागलें म्हणजे डलहौसीचें टिपण आपल्याच हस्ताक्षरांत उतरूं लागतें.

लहान शेजाऱ्यांशीं आमचें वर्तन कसें आहे, हाच खरा कस. १९४९ च्या तहांत भूतानानें परराष्ट्र व्यवहारांत भारताच्या सल्ल्यानें चालावें असें कलम होतें. २००७ मध्यें दोन्ही देशांनीं खुषीनें तो तह बदलून तें कलम काढून टाकलें. कोणा राणीस अर्ज करावे लागले नाहींत, कोणाचे हत्ती लिलांवांत निघाले नाहींत. १९९६ च्या डिसेंबरांत बांगलादेशाशीं गंगेच्या पाण्याच्या वांटणीचा करार ३० वर्षांच्या मुदतीनें झाला. ती मुदत २०२६ च्या अखेरची आहे. उन्हाळ्यांत फराक्क्याखालीं पाणी किती सुटतें यावर खालच्या शेतकऱ्याचें पीक अवलंबून असतें. तेव्हां पुढचा करार करण्यास बसणाऱ्या आमच्या अधिकाऱ्यांनीं बरोबर नकाशे न्यावेत, प्रवाहाचे आंकडे न्यावेत, आणि जमल्यास जॉन लो यांचें १८५४ चें तें विरोधी मतही वाचून जावें.